मॅचिंग सेंटरमधले बाबा

मॉलमध्ये माझ्याबरोबर कपडे घ्यायला जायचं नाही, असं माझ्या मुलीने जाहीर करून टाकलं आहे. तिचंही फार चुकतं असं नाही. मागच्या खेपेला मी एक कुर्ता आणि एक ओढणी हातात घेऊन सरळ काचेच्या दारातून बाहेर चालू लागले. रंग उजेडात बघायला, दुसरं काय? दारातलं यंत्र कोकलायला लागलं आणि गार्ड धावत आला. मी त्याला म्हटलं, "अरे बाबा, तुमच्या आतल्या दिव्यांत काही कळत नाही. हे बघ, बाहेर आल्यावर ओढणी हिरवट दिसतेय की नाही?" तो बिचारा खरंच वाकून बघायला लागला. मुलगी मात्र दहा पावलं लांब, मी तिची कोणीच नव्हे अशा चेहऱ्याने मोबाइल बघत उभी.

तिला काय सांगणार? ही खोड माझ्या बाबांची. ती मला लागली मुलुंडला, अशा एका जागी, जिला आम्ही त्या काळी जगातली सगळ्यात मोठी बाजारपेठ समजत होतो.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. मॉल हा शब्दही कोणी ऐकला नव्हता. होतं ते शॉपिंग सेंटर. तळमजला अधिक एक, मधे चौक, चारी बाजूंनी गाळे आणि वर चौकाभोवतीची गॅलरी. चौकात एक कारंजं होतं, त्यात पाणी मी कधी पाहिलं नाही. त्याच्या गोल कठड्यावर पेन्शनर मंडळी बसायची आणि जगाचा कारभार चालवायची. खाली बांगड्या-टिकल्यांचं दुकान, स्टेशनरी, घड्याळवाला, फोटो फ्रेमवाला, एक कॅसेटचं दुकान आणि एक केमिस्ट. वर शिंपी, एक दाताचा डॉक्टर आणि टायपिंगचा क्लास. केमिस्टकडे फोन होता. अर्ध्या मुलुंडच्या बऱ्यावाईट बातम्या त्या फोनवर यायच्या आणि केमिस्ट त्या चौकात ओरडून ज्याच्या त्याच्या घरी पोचवायचा. टीव्हीच्या दुकानाबाहेर मॅचच्या दिवशी उभं राहायला जागा नसायची. मुली मैत्रिणींबरोबर 'पेन आणायला' जायच्या आणि दीड तासाने बिनपेनच्या परत यायच्या. विकत घ्यायला काहीच नसलं तरी तिथे जायला कोणाची ना नसायची. घरात जागा नव्हती, आणि सेंटरमध्ये होती, एवढं साधं होतं ते.

तळमजल्यावर कोपऱ्यातला गाळा मॅचिंग सेंटरचा. तेव्हा बऱ्याच साड्यांना ब्लाउजपीस यायचं नाही. बायका साडी किंवा तिचा कातरलेला तुकडा घेऊन यायच्या आणि त्या रंगाचं रुबियाचं कापड शोधायच्या. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर ताग्यांच्या रांगा, नुसत्या तांबड्याच्याच वीस-पंचवीस तऱ्हा. दुकान एका कच्छी भाईचं. हातात लोखंडी मीटर, कानावर पेन्सिल आणि तोंडात एकच वाक्य, "सेम टु सेम आहे, बेन."

आमच्या घरात त्या वर्षी बाबा खाटेवर बसून होते. बसून होते म्हणजे अक्षरशः बसून. ते परळच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. संप झाला, लांबला, लांबतच गेला, आणि एक दिवस गिरणीचा विषय निघेनासा झाला. परळची खोली सोडून आम्ही मुलुंडला आलो होतो. आई औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायला लागली. माझी ताई मरोळला एका ऑफिसात टायपिस्ट होती. दोघी सकाळी साडेसातला डबे घेऊन बाहेर पडायच्या. माझी नववी, शाळा दुपारची. त्यामुळे सकाळभर घरात आम्ही दोघंच असायचो, बाबा आणि मी.

बाबा घरातलं सगळं करायचे. तांदूळ निवडायचे, मासे साफ करायचे, माझी वेणीसुद्धा घालून द्यायचे, फक्त ती जरा दोरखंडासारखी व्हायची. पण आठ ते सहा या वेळात ते दाराबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. त्या वेळात सोसायटीतले पुरुष कामावर असतात. जिन्यात कोणी भेटलं आणि "काय, आज सुट्टी?" म्हणालं, तर त्याला उत्तर काय द्यायचं, हे त्यांना सापडलं नव्हतं. मला त्यांचा राग यायचा. पंधरा वर्षांच्या मुलीला बापाची लाज वाटते, आणि त्या लाजेचीही लाज वाटते, आणि मग ती उगाच भांडी आपटते. मी पुष्कळ भांडी आपटली.

मग आईच्या साडीचं निमित्त झालं. शेजारच्या लग्नासाठी तिने एक आमसुली साडी काढली होती, तिचा जुना ब्लाउज काखेत विरला होता. तिने साडीच्या आतल्या टोकाचा बोटभर तुकडा कापून मला दिला आणि म्हणाली, "भाईकडून पीस घेऊन ये." मी आणलं. बाबांनी ते खिडकीशी नेलं, तुकडा त्यावर ठेवला आणि मान हलवली.

"न्हय गो. ह्यो तो न्हय."

मी परत गेले. भाईने दुसरं दिलं. बाबांनी तेही खिडकीशी नेलं. "ह्यात काळा जास्त पडलाय." मी पुन्हा गेले तेव्हा भाईने पेन्सिल कानावरून काढली आणि काउंटरवर आपटली. "बेबी, तू असं कर. तुझ्या बाबाला घेऊन ये. मी पण बघतो कसला बाबा आहे ते."

हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं, थोडं तिखट लावूनच सांगितलं. बाबा उठले. शर्ट घातला, केस विंचरले, चपला घातल्या, आणि सकाळी अकरा वाजता, भर कामाच्या वेळी, माझ्याबरोबर जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्याच. "काय हो, आज घरी?" बाबा म्हणाले, "ब्लाउजपीस बदलायला चाललोय." काकूंना पुढे विचारायला काही उरलंच नाही.

मॅचिंग सेंटरमध्ये तेव्हा दोन बायका होत्या. बाबा दिसताच त्यांनी अंग चोरलं, कारण त्या दुकानात पुरुष येतो तो फक्त बायकोची पिशवी धरायला. भाईने ट्यूबलाइटखाली पीस धरलं. "बघा ना काका, सेम टु सेम."

बाबा म्हणाले, "ह्या उजेडात माझी चप्पल पण सेम दिसेल."

आणि ते पीस उचलून बाहेर पडले. चौकात ऊन होतं, तिथे ते थांबले नाहीत. मान वर करून त्यांनी सूर्य कुठे आहे ते पाहिलं आणि जिना चढायला लागले. मागे मी. माझ्या मागे भाई, कारण त्याचं कापड चाललं होतं. त्याच्या मागे त्या दोन बायका, कारण असा तमाशा रोज बघायला मिळत नाही. शिंप्याच्या दुकानाबाहेर, गॅलरीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात बाबा थांबले. तिथे ऊन कधीच यायचं नाही, पण उजेड भरपूर असायचा. गिरणीत रंगखात्याच्या खिडक्याही उत्तरेला असतात, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. उन्हात रंग पांढरा पडतो, ट्यूबखाली मरतो, आणि उत्तरेच्या उजेडात तो जसा आहे तसा दिसतो.

त्यांनी तुकडा पीसवर ठेवला. मग डावीकडचा उजवीकडे केला. मग डोळे मिटून उघडले. ही सगळी त्यांची कामाची रीत होती आणि मी ती जन्मात पहिल्यांदा बघत होते. ते भाईला म्हणाले, "तुमच्या तिसऱ्या फळीवर, डावीकडून पाचवा तागा. तो आणा."

भाईने आणला. बाबांनी तुकडा त्यावर ठेवला आणि तो दिसेनासा झाला. म्हणजे होता तिथेच, पण कापडात कापड मिळून गेलं होतं. भाई वाकून बघत राहिला. दोन बायकांपैकी एकीने लगेच पिशवीतून आपली साडी काढली. "भाऊ, माझं पण जरा बघता?"

त्या दिवशी बाबांनी पाच जणींचे रंग बघून दिले. आई संध्याकाळी आली तेव्हा ते तिला म्हणाले, "तुमचा भाई मोठा लबाड. पण माल चांगला ठेवतो." एवढंच. डोळ्यांना पदर लावणाऱ्यांतली आमची आई नव्हे. तिने त्या दिवशी चहात साखर दुप्पट घातली.

आठवड्याभरात भाईने त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलं, महिन्याभरात कामावरच ठेवलं. बाबा सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून जायला लागले. भाई त्यांना काकांऐवजी मास्तर म्हणायला लागला आणि मग सगळं सेंटरच मास्तर म्हणायला लागलं. सुरुवातीला बाबांची पंचाईत व्हायची ती नावांची. गिरणीत रंगाला नंबर असतो. बायका म्हणायच्या डाळिंबी, शेवाळी, गुलबक्षी, अबोली. चिंतामणी रंगावरून तर एकदा दुकानात तीन बायकांचं भांडण झालं, आणि तिघींचा चिंतामणी निरनिराळा निघाला. बाबा घरी येऊन मला शिकवणी घ्यायला लावायचे. "कोनफळी म्हणजे काय गो? कोनफळ आतून की बाहेरून?" मी त्यांना नावं सांगायचे, ते मला रंग. ओढणी तिरपी धरून बघ. पिवळ्याशेजारी निळा बघू नको, डोळा फसतो. कुठल्याही कापडाकडे टक लावून बघू नको, नजर काढून घे आणि परत टाक.

सकाळी अकराच्या सुमाराला चौकातून वर बघितलं की बाबा जिना चढताना दिसायचे आणि त्यांच्या मागे चार-पाच बायका, प्रत्येकीच्या हातात साडी. कठड्यावरचे पेन्शनर म्हणायचे, "चालली मास्तरांची वरात." आईच्या कानावर हे गेलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्या लग्नाच्या वरातीत पण एवढ्या बायका नव्हत्या हो." बाबा लाजले. त्यांना लाजताना बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. ते पुन्हा कोणाच्या तरी कामाचे झाले होते, आणि ते त्यांना कळलं होतं.

पुढच्या वर्षी माघात ताईचं लग्न ठरलं. मुलगा घाटकोपरचा. लग्न सकाळचं, संध्याकाळी रिसेप्शन. रिसेप्शनची साडी मुलाकडून आली. वांगी रंगाची, तलम, अंगभर बारीक जर. ब्लाउजपीस नव्हतं. ताईच्या होणाऱ्या सासूबाई हसून म्हणाल्या, "ब्लाउजचं तुमच्याकडे लागलं. तुमचे बाबा त्यातलेच ना!"

त्यात टोमणा होता की कौतुक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बाबांनी मात्र ते कौतुकच धरलं. लग्नात बापाने काय केलं, तर सोनं केलं, हॉल केला, जेवण केलं, असं लोक सांगतात. त्यातलं बरंचसं आई आणि ताईच्या पगारातून झालं होतं आणि ते बाबांना बोचत होतं. हा ब्लाउज तेवढा सर्वस्वी त्यांचा होता. भाईच्या दुकानातले वांगी छटेचे सगळे तागे त्यांनी वर नेले. त्यातला एकही पटेना. भाई म्हणाला, "मास्तर, पोरीच्या लग्नात कोण मॅचिंग बघतं? नवरी बघतात." बाबांनी त्याला बाजारात पाठवून आणखी सात तागे मागवून घेतले. सकाळी अकराला, उत्तरेच्या गॅलरीत, आठवडाभर. शेवटी एक सापडला. त्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवला. साडीचं टोक त्यावर ठेवलं आणि मला म्हणाले, "काढ बघू वेगळं." मला साडी कुठे संपते तेच दिसेना.

शिंप्याने ब्लाउज शिवला. ताईने घरी घालून बघितला तेव्हाही सकाळच होती.

रिसेप्शनला संध्याकाळी सातला ताई स्टेजवर चढली. हॉलमध्ये पिवळ्या बल्बांच्या माळा होत्या. आणि व्हिडिओवाला होता. तेव्हा त्याचं भारी अप्रूप. एक माणूस खांद्यावर कॅमेरा घेतलेला आणि दुसरा हातात भगभगीत पिवळा फोकस धरून. तो फोकस ताईवर पडला आणि साडी होती तशी निळसर जांभळी राहिली. ब्लाउज मात्र तांबूस झाला. कोकमाच्या सालीसारखा. मला वाटलं माझ्या डोळ्यांत काही गेलं. फोकस बाजूला गेला, तरी बल्बांच्या उजेडात दोन रंग वेगळेच. कुणीही सांगितलं असतं, घाईत दुसऱ्या साडीवरचा ब्लाउज घातलाय.

मुलाकडची एक बाई माझ्या मागेच होती. तिने शेजारणीला विचारलं, आणि तिला हळू विचारणं माहीतच नव्हतं, "मॅचिंगवाल्यांची मुलगी ना ही? मग ब्लाउज असा कसा?"

मी बाबांकडे बघितलं. ते खांबाला टेकून उभे होते, हातात आइस्क्रीमची प्लेट. आइस्क्रीम वितळून प्लेटच्या काठावर आलं होतं. ते ताईकडे बघत होते, पण बाप मुलीकडे बघतो तसे नाही. डोळे काढून घेत होते आणि परत टाकत होते. पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले नाहीत. लग्नाचा शीण, आम्ही म्हटलं. तिसऱ्या दिवशीही गेले नाहीत. मग एकदा मासे साफ करता करता, माझ्याकडे न बघता ते बोलले.

"तीस वर्षं मी रंग पास केला. पास झाला की कापडाची गाठ बांधून जायची. ते कोण नेसतं, कुठे नेसतं, कुठल्या दिव्याखाली नेसतं, मी कधी बघितलं नाही. बघायचं असतं हेच माहीत नव्हतं. माझ्याच पोरीच्या अंगावर बघितलं पहिल्यांदा."

मी म्हटलं, "कोणाच्या लक्षातपण नाही आलं, बाबा." मी इतकं वाईट खोटं कधी बोलले नव्हते.

आम्हाला भीती होती ती एकाच गोष्टीची. ते पुन्हा त्या खाटेवर बसतील, आणि या वेळी उठणार नाहीत. आणि ते बसले. इस्त्रीचे शर्ट कपाटात गेले. सेंटरमध्ये मला पावलापावलावर विचारायचे, "मास्तर कुठेत गं?" मी ताप सांगितला, मग गुडघा सांगितला, मग काय सांगायचं ते संपलं. बांगडीवाली म्हणाली, "गॅलरी कशी रिकामी रिकामी वाटते." भाई स्वतः दोनदा घरी येऊन गेला. दोन्ही वेळा बाबा संडासात जाऊन बसले आणि तो जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. दुसऱ्या वेळी भाई बंद दाराकडे बघून मोठ्याने म्हणाला, "मास्तर, बायका मला येडा समजतात. सेम टु सेम म्हटलं की हसतात. तुम्ही माझी वाट लावली आणि आता आत बसलात!" आतून नळ सोडल्याचा आवाज आला.

महिना-दीड महिना असा गेला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ताई माहेरी आली. सकाळी साडेदहाला. आईची त्या दिवशी सुट्टी होती. आईने दार उघडलं आणि तिथेच थबकली. ताई ती वांगी साडी नेसली होती. तोच ब्लाउज. गळ्यात मंगळसूत्र, केसांत गजरा आणि कपाळावर घामाचे थेंब.

"अगो, रिसेप्शनची साडी अशी रस्त्यावरून? सकाळची?" आई म्हणाली.

"घाटकोपरपासून लोक बघतायत. आता तू नको बघू," ताई म्हणाली आणि चपला न काढताच बाबांपुढे जाऊन उभी राहिली. "बाबा, उठा. मला बांगड्या भरायच्या आहेत. सेंटरमध्ये चला माझ्याबरोबर."

"आई येईल. धाकटी येईल."

"मला तुम्ही हवेत. आणि आत्ता. बारा वाजायच्या आत."

आमची ताई तशी मवाळ, पण एकदा अडून बसली की आईच्याही वरची. बाबा उठले. त्यांनी साडीकडे बघायचं टाळलं. शर्ट मी काढून दिला, इस्त्री न केलेलाच.

आम्ही तिघं सेंटरच्या चौकात शिरलो तेव्हा ऊन बरोबर मधोमध होतं. कठड्यावरच्या पेन्शनरांनी माना वळवल्या. घड्याळवाल्याने डोळ्यावरचं भिंग वर केलं. केमिस्ट ओरडला, "काय गं, आज कुणाचं लग्न?" मला वाटत होतं जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. आणि ताई, जी चार माणसांत पाणीसुद्धा मागायची नाही, ती कारंज्याशी जाऊन उभी राहिली. तिने पदर पुढे घेतला, ब्लाउजच्या बाहीवर अंथरला आणि हात आडवा धरला.

"कुणाचंच लग्न नाही," ती म्हणाली. "माझ्या बाबांनी निवडलेलं मॅचिंग आहे. बघा, कसंय ते."

सगळे बघत होते. पदर कुठे संपतो आणि बाही कुठे सुरू होते, ते दिसत नव्हतं. भर उन्हात, एवढ्या माणसांत, दिसत नव्हतं. बांगडीवाली बाहेर आली. शिंपी वरून गॅलरीत वाकला, शिवण आपली म्हणून छाती काढून. भाई हातात मीटर घेऊन आला आणि वाकून बघायला लागला. आपण दीड महिना जे झाकत होतो, ते ताईने उघड्यावर आणून ठेवलं होतं, आणि उघड्यावर ते सुंदर होतं.

बाबा जवळ गेले. पदराची कड चिमटीत धरली, बाहीवर टेकवली, नजर काढून घेतली, परत टाकली.

"रंग बरोबर होता," ते म्हणाले.

"बरोबरच होता. त्या हॉलवाल्याची लाईट बेकार होती, बाबा. तुमचं काही चुकलं नाही."

"न्हय गो, बाय." बाबांनी तिचा पदर तिच्या खांद्यावर नीट ठेवला. "चुकलंच माझं. तू कुठल्या उजेडात नेसणार, ते मी तुला विचारलंच नाही."

तिचे डोळे भरले, माझेही. बाबांचे भरले की नाही ते मला दिसलं नाही, कारण भाईने त्यांचा दंड धरून त्यांना दुकानात ओढत नेलं. तिथे ट्यूबच्या शेजारी एक नवा होल्डर बसवला होता आणि त्यात शंभरचा पिवळा बल्ब. काउंटरवर त्याचं बटण.

"महिना झाला लावून," भाई म्हणाला. "बेबीने मला हॉलचं सांगितलं होतं. पण मी पेटवून काय करू? मला काय कळतंय त्यातलं?"

हो, मी सांगितलं होतं. गुडघा संपल्यावर खरं तेवढंच उरलं होतं.

स्टूल जागच्या जागी होतं. काउंटरशी एक बाई उभी होती, आमच्या ओळखीची नाही, हातात मोतिया रंगाची साडी. तिला आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. ती जरा वैतागलीच होती. "अहो, मला कोणी बघून देणार आहे की नाही?"

बाबांनी तिच्याकडून साडी घेतली. फळीवरून दोन तागे काढले, काखेत मारले आणि जिन्याकडे दोन पावलं गेले. आणि थांबले. परत फिरून त्या बाईसमोर आले, आणि एखाद्या आजाऱ्याला काय दुखतं विचारावं तसं हळू त्यांनी विचारलं,

"कार्य सकाळचं आहे, की संध्याकाळचं?"

"संध्याकाळचं. का हो?"

बाबांनी तागे काउंटरवर ठेवले आणि बटण दाबलं.